भिंत त्यांची, सतरंजी आपली



मुंबईच्या एका सार्वजनिक कलादालनात मला नोकरी लागली तेव्हा बापानं चोपड्यात वस्तीभर पेढे वाटले. अर्धा किलो, उधारीवर. शेजारच्या बुढ्यानं विचारलं, काय काम शे? बाप म्हणाला, चित्रं दखाडानं. बुढा हसला. ते बी काम ऱ्हास का?

तेव्हा मला त्या हसण्याचा राग आला होता. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता.

दालनाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्या एका दालनाला शिव्या घालून मोकळे व्हाल, आणि मला तेवढं स्वस्तात सोडायचं नाही. अडीच वर्षं होतो तिथं. पद : शिक्षण सहायक. अकरा महिन्यांचा करार, मधे एक दिवस खाडा, पुन्हा अकरा महिने. पगार एजन्सीकडून. करारावर दालनाचं नावच नव्हतं, एजन्सीचं होतं. म्हणजे मी दालनात होतो आणि कागदावर नव्हतो. गावकुसाबाहेर राहून गावाचं काम करणं आपल्याला नवीन नाही म्हणा.

आता कलादालनात काम कसं चालतं ते नीट सांगतो, कारण आपल्यातल्या फार थोड्यांनी ते आतून बघितलंय. दालनात दोन जाती असतात. एक क्युरेटर. भांडारात शेकडो चित्रं पडून असतात, त्यातलं कुठलं बाहेर काढायचं, कुठलं कशाच्या शेजारी लावायचं, कुठलं पुन्हा अंधारात ठेवायचं, हे तो ठरवतो. भिंतीवरचा मजकूर तो लिहितो, चित्राखालचं लेबल तो लिहितो, कॅटलॉगातला लेख तो लिहितो. दुसरा आमचा शिक्षण विभाग. आम्ही शाळांना फोन करायचे, बस आली का बघायचं, मुलं मोजायची, चपला रांगेत लावायच्या, सतरंजी अंथरायची, तेलखडू वाटायचे आणि क्युरेटरनं लिहिलेलं सोप्या भाषेत मुलांना सांगायचं. वर लिहिलं जातं, खाली वाचून दाखवलं जातं. वरच्या मजल्यावर कोणाची आडनावं होती ते मी सांगायला पाहिजे का? खालच्या मजल्यावर आम्ही तिघं होतो. एक मी, एक पालघरकडची वारली मुलगी, एक मालेगावचा मुसलमान पोरगा. सुरक्षारक्षक आणि सफाईवाल्या धरल्या तर खालचा मजला म्हणजे सगळा बहुजन समाज एकत्र आलेला होता. निवडणुकीत येत नाही, तिथं आला होता.

लेबल म्हणजे काय साधी गोष्ट, असं कोणी म्हणेल. चार ओळी तर असतात. पण त्या चार ओळीत कोणाला नाव मिळतं ते बघा. जुन्या तैलचित्रात पगडीवाला असेल तर त्याचं नाव, त्याचं घराणं, त्यानं कुठल्या संस्थेला देणगी दिली ते. त्याच खोलीत पाणी भरणारी बाई असेल तर लेबल : पाणी भरणारी. भाजी विकणारी असेल तर भाजीवाली. तीही तासन्‌तास चित्रकारासमोर बसली होती, तिचीही मान अवघडली होती. पण नाव नाही. ज्याच्याकडे जमीन, त्याला नाव. जिच्याकडे कष्ट, तिला धंदा.

असंच एक चित्र आमच्याकडे होतं. खेड्यातली सकाळ. पाटलाचा वाडा, ओटा, ओट्यावर बसलेले चारपाच जण, झाडातून पडलेलं ऊन. ऊन खरोखर सुंदर रंगवलेलं होतं, चित्रकाराचा हात खोटा नव्हता. आणि डाव्या कोपऱ्यात, ओट्यापासून बराच लांब, एक माणूस. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मान खाली. लेबलात उन्हाबद्दल दोन वाक्यं, ग्रामजीवनातल्या शांततेबद्दल एक. कोपऱ्यातल्या माणसाबद्दल काही नाही.

महापालिकेच्या शाळेची सातवीची मुलं आली होती. मी पाठ केलेलं उन्हाचं सांगत होतो. मागच्या ओळीतली एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, सर, तो माणूस एवढा लांब का उभाय?

च्यायला. अडीचशे वेळा मी त्या चित्रासमोर बोललो असेन. त्या कोपऱ्यात माझा पणजा उभा होता आणि मी उन्हाबद्दल बोलत होतो.

मग मी सतरंजीवर बसलो आणि सांगितलं. हा बहुधा गावचा महार. येसकर, तराळ, जो शब्द तुमच्या आजीला माहीत असेल तो. याच्या हातातली काठी म्हणजे सरकारी काम. सांगावा पोचवायचा, सारा भरायला आलेल्यांना हाका मारायच्या, मेलेलं ढोर ओढायचं. दिवस नाही, रात्र नाही. बदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदार मागितलेली भाकर. लांब उभा आहे कारण जवळ गेला तर ओट्यावरची माणसं बाटतील. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं, आणि ही वतनं कायद्यानं गेली ती १९५८च्या कायद्यानं, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. पोरं ऐकत होती. एरवी दहा मिनिटांत चुळबुळ करणारी पोरं, चाळीस मिनिटं. एकानं विचारलं, मग याचं नाव काय? मी म्हणालो, लिहिलेलं नाही. तो म्हणाला, का नाही?

दोन दिवसांनी मला वर बोलावलं. शाळेतून तक्रार नव्हती. दालनातल्याच कोणीतरी ऐकलं होतं. चहा दिला, बिस्कीट दिलं, आवाज चढवला नाही. हे लोक आवाज चढवत नाहीत. म्हणाले, तुमची कळकळ आम्हाला समजते. पण लहान मुलांच्या मनात जात कशाला घालायची? चित्र हे चित्र म्हणून बघायला शिकवू या. आणि यापुढे चित्रांपुढं काय बोलायचं ते लिहून आधी मंजूर करून घ्या.

मुलांच्या मनात जात मी घातली! चित्रकारानं पंधरा फूट लांब उभा केलेला माणूस त्या पोरीला पहिल्या नजरेत दिसला, यांना आयुष्यभर दिसला नाही, आणि जात मी घातली.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी मजकूर लिहून दिला. कोपऱ्यातल्या माणसाचा भाग खोडून मंजूर होऊन परत आला. मी त्यावर सही केली आणि त्यानंतर आठ महिने उन्हाबद्दल बोललो. खोलीचं भाडं होतं, बहिणीची फी होती, ही कारणं खरी आहेत आणि तरीही सही माझी आहे. नंतर करार पुन्हा झाला नाही. काढलं म्हणता येत नाही, कारण कागदावर मी तिथं नव्हतोच.

आता थोडं मागं जाऊ. मुंबईत रीगल सिनेमाजवळ सर कावसजी जहांगीर हॉल आहे. त्यात १९९६पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. (मी तिथं नोकरीला नव्हतो, गैरसमज नको.) ही इमारत बघताना मला चित्रांच्या आधी एक सभा आठवते. पुणे कराराला आठवडा झाला नव्हता तेव्हा, ३० सप्टेंबर १९३२ला, याच हॉलमध्ये मदनमोहन मालवीयांच्या अध्यक्षतेखाली हिंदूंची सभा भरली आणि अस्पृश्यता निवारणाची अखिल भारतीय संस्था काढायचं ठरलं. तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. नोव्हेंबरात बाबासाहेबांनी विलायतेला जाताना बोटीवरून ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. औषधपाणी आणि शिकवण्या पुरे नाहीत, विहिरी, शाळा, नोकऱ्या यांच्या हक्कासाठी झगडा करा, आणि काम करणारी माणसं शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्या, कारण ज्यांना प्रेम आहे तेच सेवा करतील. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असं त्यांनी १९४५च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. आणि संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा द्या म्हटल्यावर गांधीजींचं उत्तर काय? हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, तेव्हा संघ त्यांनीच चालवायचा.

कलादालनांचा शिक्षण विभाग मला त्या संघाचा नातू वाटतो. वस्तीतली पोरं आणा, त्यांना बिस्किटं द्या, रंग द्या, फोटो काढा, अहवालात छापा. पण भिंतीवर काय लागेल ते ठरवणाऱ्या खोलीत त्यांच्या भाऊबंदांना खुर्ची मागू नका. आता तर एप्रिल आला की आपलीही चित्रं लावतात. सावी सावरकरांनी गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस ज्या ताकदीनं रंगवला, ती ताकद नाकारणं यांनाही जमत नाही. प्रभाकर कांबळेंसारखे चित्रकार स्वतःच प्रदर्शनं रचू लागलेत, ती जागा त्यांनी झगडून घेतली. पण बाकीच्या भिंतींवर आपण पाहुणे. लेबल लिहिणारा घरमालक.

इथं आपल्यातलेच काही कार्यकर्ते मला थांबवतील. मागच्या महिन्यात एकानं थांबवलंच. म्हणाला, भाऊ, खैरलांजी झालं, रोज कुठंतरी पोरं मारली जातात, शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि तू चित्रांची लेबलं घेऊन बसलास? त्याला मी फैजपूरला नेलं. चोपड्याहून यावलमार्गे, एस.टी.नं. १९३६च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. टिळकनगर उभारलं, त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी केली, बांबू आणि गावातलं सामान वापरून. भारतीय कलेच्या इतिहासात ते नोंदलेलं आहे, आणि नंदलाल मोठे कलावंत होते यात वाद नाही. मी त्याला विचारलं, सातपुड्यातून बांबू कोणी तोडून आणले? चिरले कोणी, विणले कोणी? बुरूड, पावरा, भिल्ल, महार, कोण होते? नावं सांग. तो गप्प. मीही गप्प, कारण मलाही माहीत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातली, आपल्याच आजोबांच्या वयाची माणसं. ज्याचं नाव लिहिलं जात नाही त्याला मारलं तरी बातमी होत नाही, एवढा संबंध आहे लेबलाचा आणि खैरलांजीचा. तो परतीच्या एस.टी.त म्हणाला, बरं, पुढं बोल.

आणि आपल्या लोकांना चित्रं कळत नाहीत, त्यांना शिकवायला लागतं, हे तर मला ऐकवतच नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या फुटपाथवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी मांडलेल्या असतात. बाई दहा तसबिरी हातात घेऊन बघते, डोळे नीट आले नाहीत म्हणून परत ठेवते, अकरावी घेते. निवड म्हणतात ती हीच. माझी मोठी माय एकदाच अजिंठ्याला आली होती. सव्वीस नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची ती भलीमोठी आडवी मूर्ती आहे. गाईड शतक, शैली, लांबी सांगत होता. मोठी माय मूर्तीच्या पायांकडं जाऊन बसली आणि मला हळूच म्हणाली, हळू बोला म्हणावं त्याले, बाबा निजेल शेतस. पुढं अडीच वर्षं मी चित्रांसमोर बोललो, पण त्या वाक्यासारखं एक वाक्य माझ्याकडून निघालं नाही. ते कुठल्या मजकुरात मंजूर झालं असतं?

तेव्हा करायचं काय. पहिलं, नोकऱ्या सोडून द्या असं मी म्हणत नाही. उलट शिरा. चोपड्यातच भगिनी मंडळाचं ललित कला केंद्र आहे, हात इथं तयार होतात. पण पोरं ए.टी.डी. करतात आणि शाळेत चित्रकलेच्या मास्तरची जागा निघण्याची वाट बघत बसतात. संग्रहालयशास्त्राचा, कलेतिहासाचा अभ्यासक्रम असतो हे त्यांना कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. शिक्षण सहायक म्हणून शिरलात तरी नजर वरच्या मजल्यावर ठेवा, भांडाराची नोंदवही मागा, ती वाचा.

दुसरं, भरतीवर लक्ष ठेवा. सरकारी जागा असली तर बिंदुनामावली लागते. एजन्सीमार्फत भरली की कसली बिंदुनामावली आणि कसलं काय. सप्टेंबर २०२३ला राज्य सरकारनं नऊ एजन्सींमार्फत भरतीचा जी.आर. काढला, पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. म्हणजे ओरडलं तर ऐकू जातं. पण दालनांत, संग्रहालयांत हे आधीपासून गुपचूप चाललंय आणि तिथं कोणी ओरडत नाही, कारण तिथं आपली नोकरी असते हेच आपल्याला ठाऊक नाही. माहितीच्या अधिकारात एक अर्ज, दहा रुपये. तुमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी संग्रहालयाला विचारा : मंजूर पदं किती, भरलेली किती, एजन्सीची किती, राखीव किती. उत्तरं या अंकाकडे पाठवा, छापू.

तिसरं आम्ही सुरू केलंय. येत्या १४ एप्रिलला चोपड्यात विहाराच्या भिंतीवर प्रदर्शन लावतोय. चित्रं आणि घरोघरचे जुने फोटो. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले आणि लळिंगच्या बंगल्यात उतरले, ते पाहायला गेलेल्यांच्या घरात काही असेल तर ते. नामांतराच्या मोर्चातले, लग्नातले, गिरणीच्या गेटवरचे, केळीच्या बागेत घड वाहतानाचे, सगळे चालतील. फाटलेले चालतील. फोटो आम्ही ठेवून घेणार नाही, त्याच दिवशी उतरवून परत देऊ.

अट एकच. फोटोत जेवढी माणसं दिसतात तेवढ्यांची नावं मागे पेन्सिलीनं लिहून आणायची. कडेला उभ्या असलेल्यांची, पाठमोऱ्यांची, वाजंत्र्यांचीही. आठवत नसतील तर आधी म्हाताऱ्यांना विचारून या. मार्चअखेर विहारात द्या, संध्याकाळी सातनंतर मी असतो.