लेथ कोणाच्या नावावर?

नगर जिल्ह्यातल्या मोठ्या यात्रेत, मढीला जा की मोहट्याला, लाकडी सामानाचे दुकान दिसतेच. लाटणी, रव्या, भोवरे, तान्ह्या मुलांचे खुळखुळे. गिऱ्हाईक बहुतेक बाईच. दिवसाला वीस पोळ्या धरल्या तर चाळीस वर्षांत एकीच्या हातून तीन लाखांच्या आसपास पोळ्या होतात, आणि भाकरी थापणाऱ्या घरातही सणावाराला लाटणे निघतेच. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी लढ्यात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही हातात लाटणेच होते. पण मैत्रिणींनो, हे लाटणे ज्या यंत्रावर घडते, त्या यंत्रापुढे आपल्यापैकी किती जणी कधी उभ्या राहिल्या?

आपल्या भाषेत सूत कातायचे असते आणि लाकूडही कातायचे असते. लाकूड कातणारा तो कातारी. काम सारखेच, फिरत्या वस्तूपुढे हात स्थिर ठेवण्याचे. चरख्यावर बाई बसली तर ते घरकाम, आणि लाकडाच्या चरकावर पुरुष बसला तर तो धंदा. जुन्या पद्धतीत लाकडाला दोरीचा वेढा देऊन एकाने ती मागेपुढे ओढायची आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. पटाशी धरणाऱ्याला कारागीर म्हणत. दोरी ओढणाऱ्याला काहीच म्हणत नसत.

आता अर्ध्या-एक अश्वशक्तीच्या मोटारीवर चालणारा छोटा लेथ पडवीतही बसतो. नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ हौसेने तो घेतात, दिवे, वाट्या, पेनदाण्या काढतात. चांगलीच गोष्ट आहे. पण छंदाला भांडवल लागते आणि त्याहून आधी एक मोकळा तास व एक कोपरा लागतो. तो तास घरात कोणाकडे असतो, हे वेगळे सांगायला नको.

लगेच उत्तर येते, बाईला ते धोक्याचे आहे. धोका खराच आहे. पदर, मोकळे केस, ओढणी फिरत्या लाकडात गेली तर माणूस ओढला जातो. पण पहाटे त्याच बाईला कडबाकुट्टीत वैरण सारायला लावतो तेव्हा हा धोका कुठे जातो? मळणीयंत्रावर? १९४८ च्या कारखाना कायद्याचे २२ वे कलम या बाबतीत वाचण्यासारखे आहे. चालू यंत्राला तेल देणे, ते तपासणे हे काम खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषाने करावे, आणि त्याला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने पुरवावेत, असे त्यात होते. बाईला चालू यंत्राच्या धोक्याच्या भागांची सफाई, तेलपाणी यांतून वगळले होते. घट्ट कपडे तिलाही देता आले असते, हे कोणाला सुचले नाही.

तेव्हा लेथवर उभे राहायचे तर पदर खोचण्यापेक्षा सलवार-कुर्ता बरा, बाह्या घट्ट, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे नकोत, तेही ओढले जातात. बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवायचे. सासूबाई काही म्हणतील, म्हणू द्या. लाकूड वाळलेले आणि बिनगाठीचे घ्यावे. पटाशी टेकवायची पट्टी लाकडाच्या जवळ ठेवावी आणि ओबडधोबड तुकडा गोल होईपर्यंत गती कमी ठेवावी. आपल्याकडची बाभूळ कठीण, नवख्या हाताला जड जाते. सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरतात तो पांगारा मऊ असतो. तिथली ही लाखकामाची कला लोपत असताना १९७० च्या दशकात सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच तिला आसरा दिला. कर्नाटकातल्या चन्नपट्टणात तर बायका स्वतः लेथ चालवतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग चढतो, मग केवड्याचे पान धरून चकाकी आणतात. म्हणजे बाईच्या हाताला हे जमत नाही असे कोणी सांगू लागले, तर त्याला रेल्वेचे तिकीट काढून द्यावे.

आता मुद्द्याचे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार आहेत, खेळणी करणारेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, आणि तारणाशिवाय दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. पण एका कुटुंबातून एकच माणूस, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुले. कागदावर हा नियम स्त्री-पुरुष काही म्हणत नाही. घरात मात्र अर्ज कोणाच्या नावाने जातो? घासकागद मारणारी, रंग लावणारी, बाजारात उन्हात बसून लाटणी विकणारी जी बाई असते, ती कारागीर धरली जात नाही. ती त्याला 'मदत करते'. शिलाई यंत्र बाईच्या नावावर द्यायला कोणतेही सरकार कधी अडखळले नाही. पायाने फिरवायचा लेथ आणि शिलाई यंत्र यांची चाल सारखीच, फरक इतकाच की एकावर ब्लाउज निघतो.

आमचे म्हणणे असे, की एका घरात दोघे एकच काम करत असतील तर दोघांची नोंद कारागीर म्हणून व्हावी, आणि अवजारे दोघांच्या नावावर यावीत. हे ग्रामसभेत बोलून ठरावात आणता येते. या योजनेच्या अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीनेच करायची असे ठरलेले आहे, आणि महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत.