रोबोक्राफ्ट बंद झाला, मग आपल्या रोबोटचं काय?

जानेवारी २०२५ मध्ये फ्रीजॅम ही ब्रिटिश कंपनी बंद पडली आणि तिचा रोबोक्राफ्टही गेला. २०१४ पासून स्टीमवर फुकट मिळणारा हा गेम. एकेक क्यूब जोडून रोबोट बनवायचा, त्याला चाकं, पंख, तोफा लावायच्या आणि मैदानात उतरायचं. गोळी लागली की नुसती हेल्थ कमी होत नसे, रोबोटचे तुकडे खरंच गळून पडत. एका बाजूचे पंख उडाले की विमान कलंडलंच!

पण लढाया सगळ्या ऑनलाइन, रोबोटही अकाउंटमध्ये. सर्व्हर गेला, म्हणजे गॅरेजलाच कुलूप.

इंजिनिअर म्हणून मला खटकतं ते हे: रोबोटचं डिझाइन म्हणजे शेवटी कुठला क्यूब, कुठे, कुठल्या बाजूला वळवलेला, एवढीच यादी. एक छोटी फाइल. सर्व्हरचा कोड देणं अवघड असतं, त्यात इतरांची लायसन्स अडकलेली असतात, हे मान्य.

युबिसॉफ्टने २०२४ मध्ये द क्रू बंद केला, तेव्हा रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली. युरोपात तिच्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. सर्व्हर कायम चालवा असं ती म्हणत नाही. जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच.

भारतात असा नियम नाही. त्यामुळे पुढच्या स्किनसाठी यूपीआय पिन टाकण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून गेम उघडून बघा.