विश्लेषण : घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, अमेरिकेत ओझे मुलांच्याच खांद्यावर का?

शाळेतून आलेली इंग्रजी चिठ्ठी आठ वर्षांची मुलगी आईला स्पॅनिशमध्ये समजावून सांगते. घरमालकाची नोटीस, विजेचे बिल, डॉक्टरांचा कागद, सारे तिच्याकडेच येते. ती स्वतः अजून इंग्रजी वाचायला शिकतेच आहे. अमेरिकेतील असंख्य स्थलांतरित घरांतले हे रोजचे चित्र. अशा पालकांना ‘घरातही इंग्रजीच बोला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे.

प्रश्न किती मुलांचा?

अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. सरकारी शाळांत ‘इंग्रजी शिकणारे विद्यार्थी’ अशी नोंद असलेली मुले सुमारे ५० लाख, म्हणजे साधारण दहांत एक. त्यांतील जवळपास तीन चतुर्थांश मुलांच्या घरची भाषा स्पॅनिश आहे. यातील बहुतेक मुले अमेरिकेतच जन्मलेली आहेत.

इंग्रजी वाचणे अवघड का जाते?

स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आणि अक्षराचा उच्चार बहुतेक ठरलेला. देवनागरीप्रमाणेच लिहिले तसे वाचता येते. इंग्रजीत अक्षरे २६, पण ध्वनी चाळीसहून अधिक. ‘थ्रू’, ‘दो’ आणि ‘टफ’ या शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरे, उच्चार मात्र तीन. स्पॅनिश कानाला ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखेच वाटतात. दुसरीकडे, स्पॅनिशची मदतही मोठी होते. ‘हॉस्पिटल’, ‘अ‍ॅनिमल’ हे शब्द दोन्ही भाषांत त्याच अक्षरांनी लिहितात. स्पॅनिश वाचता येणाऱ्या मुलाला असे शेकडो शब्द आयतेच मिळतात.

कायदा काय सांगतो?

द्विभाषिक शिक्षणाचा कायदा १९६८ मध्ये झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी विद्यार्थ्यांच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, भाषाच कळत नसेल तर तीच पुस्तके आणि तेच शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही सरकारी शाळेचा हक्क १९८२ मध्ये मिळाला. तरीही धोरण हेलकावे खात राहिले. कॅलिफोर्नियात १९९८ च्या जनमत कौलाने द्विभाषिक वर्ग जवळपास बंद केले. २०१६ च्या कौलाने ती बंधने उठवली. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला आणि इंग्रजी न येणाऱ्यांना भाषासाहाय्य देण्याविषयीचा २००० सालचा आदेश रद्द केला. शाळकरी मुलांचा हक्क कायद्यातून येतो, त्यामुळे तो या आदेशाने संपत नाही.

घरात स्पॅनिश बंद केल्याने काय बिघडते?

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडलेला मुद्दा साधा आहे : वाचनाचे कौशल्य एका भाषेतून दुसरीत जाते. अक्षरातून ध्वनी काढणे, गोष्टीचा धागा पकडणे, न कळलेल्या शब्दाचा अंदाज बांधणे हे एकदाच शिकावे लागते. मोडक्या इंग्रजीत बोलणारी आई मुलाला देणार किती? तिच्या स्पॅनिशमध्ये गोष्टी, हिशेब, थट्टा, रागावणे सारे आहे. खेळाच्या मैदानावरचे इंग्रजी मूल एक-दोन वर्षांत उचलते. पाठ्यपुस्तकाचे इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे लागतात, असेही कमिन्स सांगतात. हा फरक न ओळखणारी शाळा मुलाला ‘ढ’ ठरवून मोकळी होते.

मग करायचे काय?

पहिले, दोन्ही भाषांत शिकवणारे वर्ग वाढवणे. दुसरे, पालकांसाठी इंग्रजीचे वर्ग. पण कामाच्या पाळ्या सांभाळून आणि लहान मुलांना ठेवण्याची सोय करून. दिवसभर शेतात किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्याला सकाळी दहाचा वर्ग काय कामाचा? तिसरे, पालकसभेत आणि रुग्णालयात दुभाषी. स्वतःविषयीची तक्रार मुलानेच आईला भाषांतर करून सांगायची, तर त्यातले नेमके काय गाळले जाईल हे सांगायला नको. आणि आईच्या आजाराची बातमी तिच्या मुलीच्या तोंडून यावी, हे त्या वयाला पेलणारे नाही.

अमेरिकेतील मराठी अभियंत्याच्या घरातही दोन भाषा असतात. पण तिथले आई-वडील बहुधा स्वतः इंग्रजीत शिकलेले असतात. शाळेची चिठ्ठी ते वाचतात आणि मूल शनिवार-रविवारी मराठी शाळेत जाते, याचे कौतुक होते. शेतमजुराच्या घरात मात्र हीच दुसरी भाषा अडचण मानली जाते. फरक भाषेचा नाही, परिस्थितीचा आहे. इंग्रजी त्या मुलीला यायलाच हवी, त्याबद्दल तिच्या आईचेही दुमत नाही. पण त्यासाठी आईची भाषा काढून घेणे म्हणजे शिडीची खालची पायरी काढून वर चढ म्हणण्यासारखे आहे.