सोलापूरची तेलुगू आणि फ्लेन्सबर्गची डॅनिश

जावाच्या ईशान्य किनाऱ्यालगतचे मादुरा हे बेट मिठासाठी आणि बैलांच्या शर्यतींसाठी ओळखले जाते. तिथली मादुरी भाषा बेटावर आणि समोरच्या पूर्व जावात मिळून सत्तर लाखांहून अधिक लोक बोलतात. डॅनिश बोलणारे साठ लाखांच्या आसपास, म्हणजे डोकी मोजली तर मादुरीच सरस. पण डॅनिशमध्ये संसद चालते, न्यायालये निकाल देतात, डॉक्टर घडतात. 1973 पासून ती युरोपच्या समुदायाची एक अधिकृत भाषा आहे आणि तिच्या तीन लेखकांना नोबेल मिळाले आहे. मादुरीच्या वाट्याला शाळेच्या वेळापत्रकात स्थानिक विषयाचा एक कोपरा आला. याचे कारण तिच्या व्याकरणात शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. वडीलधाऱ्यांशी, बरोबरीच्याशी आणि धाकट्याशी बोलताना मादुरीत शब्दच बदलतात, इतकी ती घासूनपुसून तयार झालेली भाषा आहे. फरक पडला तो निर्णयांनी. 1928 मध्ये इंडोनेशियाच्या तरुण स्वातंत्र्यवाद्यांनी मलायला राष्ट्राची भाषा मानले आणि 1945 च्या राज्यघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. शेकडो भाषांचा देश एकत्र बांधायला तो निर्णय शहाणपणाचाच होता. सर्वांत मोठ्या जावानीजलाही त्यात बाजूला ठेवले गेले. मात्र त्यानंतर सरकारी काम, वरचे शिक्षण आणि बरी नोकरी मादुरीच्या हातून गेली ती गेलीच.

हे दूरचे उदाहरण सोलापूरला लागू पडते, आणि तेही जरा विचित्र रीतीने. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलतो. तेलुगू काही अनाथ भाषा नव्हे. 2011 च्या जनगणनेत तिचे भाषक आठ कोटींवर होते, दोन राज्यांची ती राजभाषा आहे, अभिजात दर्जाही 2008 पासून आहे. तरीही पूर्व भागात ती घरात, मागावर, लग्नाच्या बोलणीत चालते. अर्ज, नोटीस किंवा दवाखान्याचा कागद आला की उंबऱ्याबाहेर थांबते. हैदराबादेत डॅनिशसारखी ऐटीत असलेली भाषा सोलापुरात येऊन मादुरी होते. कन्नडचेही तसेच. ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला अवघे शहर लोटते ते ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कन्नड वचनकार. 1974 मध्ये कन्नड साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या जयदेवीताई लिगाडे सोलापूरच्याच. एवढा वारसा असूनही कन्नडचा विषय निघाला की चर्चा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर घसरते आणि शाळेचा, कागदाचा प्रश्न बाजूला पडतो. भाषेचे बळ ती किती लोक बोलतात यावर ठरत नाही, ती ज्या गावात बोलली जाते तिथे तिला काय काम मिळते यावर ठरते, असे माझे मत आहे.

याचा उलटा पुरावा डॅनिशच देते. 1864 च्या युद्धात डेन्मार्कने श्लेसविग गमावले. 1920 मध्ये सार्वमत होऊन उत्तरेचा भाग परत मिळाला, पण फ्लेन्सबर्ग आणि आसपासचे डॅनिशभाषक जर्मनीतच राहिले. आज ते जेमतेम पन्नास हजार, म्हणजे आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढे. पण त्यांच्या स्वतःच्या बालवाड्या आहेत, शाळा आहेत, ग्रंथालये आहेत, 1869 पासूनचे दैनिक आहे आणि प्रांतिक विधिमंडळासाठीची पाच टक्के मतांची अट त्यांच्या पक्षाला लागू नाही. 1955 मध्ये बॉन आणि कोपनहेगन या दोन्ही सरकारांनी आपापल्या हद्दीतल्या अल्पसंख्याकांसाठी घोषणा केल्या. म्हणून डेन्मार्कमधल्या जर्मनभाषकांच्याही शाळा चालतात. युद्धे लढलेल्या दोन देशांना हे जमले. आपल्याकडे तर एकाच संघराज्यातली दोन राज्ये आहेत.

डेन्मार्क-जर्मनी श्रीमंत, आपली महापालिका कुठे, असा आक्षेप कुणी घेईल. पण करपावतीवर आणि लसीकरणाच्या सूचनेवर दुसऱ्या लिपीतल्या चार ओळी छापायला श्रीमंती लागत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे 350 अ हे कलम 1956 पासून सांगत आले आहे. आई-वडिलांनाच इंग्रजी माध्यम हवे असते, हा आक्षेप अधिक खरा आहे. ज्या भाषेत पुढे काहीच काम नाही ती मुलाला कशाला शिकवायची, हा त्यांचा हिशेब चुकीचा नाही, म्हणूनच आधी काम दिले पाहिजे. फ्लेन्सबर्गच्या डॅनिश शाळेत मुले जर्मनही पक्की शिकतात आणि जर्मनीतल्या विद्यापीठांत जातात. तसे इथल्या तेलुगू-कन्नड शाळांतून मराठी उत्तम आलीच पाहिजे. त्यात सूट नको.

उरला सर्वांत तापट आक्षेप: याने मराठी पातळ होईल. मराठी बोलणारे आठ कोटींवर, डॅनिशच्या कितीतरी पट. तरी आमच्या उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते आणि वैद्यकीय शिक्षणही इंग्रजीतच. ही उणीव तेलुगूने केलेली नाही आणि एखादी तेलुगू शाळा बंद पडल्याने ती भरूनही निघणार नाही. शिवाय परक्या छत्राखाली आधार मिळणे मराठीला नवे नाही. मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये छापले गेले ते बंगालमधल्या श्रीरामपूरला, आणि ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाचे होते. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हते, म्हणून छापखाना तिथे निघाला. आज बेळगावचे मराठी लोक सरकारी कागद मराठीत मागतात आणि ती मागणी रास्त आहे. महाराष्ट्र तिच्यामागे उभा राहतो, राहिलाच पाहिजे. मग अक्कलकोटच्या शेतकऱ्याने सात-बाराचा उतारा कन्नडमध्येही मागितला, तर मुंबईने त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे?