पहिला वार कोणाचा?

बुद्धिबळात पांढऱ्याने आधी खेळायचे, हा नियम इतका अंगवळणी पडला आहे की तो कधीकाळी ठरवावा लागला असेल, हे मनातही येत नाही. तो रूढ झाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी काळ्या मोहऱ्यांनीही डाव सुरू होत असे. पहिल्या खेळीचा फायदा बुद्धिबळाने मान्य केला आणि सोडून दिला. जपानमधल्या ‘गो’ या पटावरच्या खेळाने मात्र विसाव्या शतकात चक्क हिशेब मांडला. काळा आधी खेळतो, म्हणून पांढऱ्याला गुणांची भरपाई. ती साडेचारावरून साडेपाचावर गेली आणि या शतकाच्या आरंभी साडेसहावर. आधी खेळण्याचे मोल दरवेळी कमीच धरले गेले होते, असा त्याचा सरळ अर्थ.

त्याच जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉयवर ‘पोकेमॉन’ आला. सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक कंपनीने या खेळात पाळीची पद्धतच वेगळी ठेवली. दोघेही खेळाडू आपापल्या लढाऊ प्राण्याची चाल एकाच वेळी, गुपचूप निवडतात. मग ज्या प्राण्याचा वेग जास्त, त्याचा वार आधी. वेग सारखा असेल तर नशीब. आधीच्या वारात समोरचा आडवा झाला, की त्याची निवडलेली चाल वायाच गेली. त्यामुळे वेग हेच शस्त्र आणि वेग हीच ढाल. एवढ्यावर भागले असते तर ठीक. पण त्या पहिल्या आवृत्तीत क्रिटिकल हिट, म्हणजे दुप्पट जोराचा फटका बसण्याची शक्यतासुद्धा मूळ वेगावरच बेतलेली होती. १४० वेगाच्या इलेक्ट्रोडला तो शंभरात सत्तावीस वेळा साधायचा, १५ वेगाच्या बिचाऱ्या स्लोपोकला जेमतेम तीनदा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

१९९९च्या आवृत्तीत क्रिटिकल हिट आणि वेग यांची गाठ सोडवली गेली. खरी उलथापालथ मात्र २००२ सालची. प्रत्येक प्राण्याला एक उपजत गुण मिळाला, त्याला खेळाडू ‘अ‍ॅबिलिटी’ म्हणतात. निंजास्कचा वेग दर फेरीअखेर वाढू लागला. पावसात काहींचा, तर उन्हात काहींचा वेग दुप्पट झाला. त्याच वर्षी दोन विरुद्ध दोन अशा लढतीही आल्या. हे सगळे रंजक होते, तरी पाळीचा कायदा जुनाच राहिला. वेगवानांना अधिक वेग मिळण्याच्या नव्या वाटा तेवढ्या निघाल्या.

तो कायदा उलटा टांगण्याचे काम २००६मध्ये ‘ट्रिक रूम’ या चालीने केले. ही चाल पडली की पाच फेऱ्या सर्वांत मंद प्राणी सर्वांत आधी. चाल स्वतः मात्र फेरीच्या अगदी शेवटी पडते, म्हणजे ती लावणाऱ्याने आधी सगळ्यांचे वार अंगावर घ्यायचे, आणि ती फेरीही पाचांत मोजली जात असल्याने हाती उरतात चारच. शिवाय ‘क्विक अटॅक’सारख्या प्रायॉरिटी असलेल्या, म्हणजे वेग न पाहता आधी होणाऱ्या चालींना ही उलथापालथ लागू नाही, त्या तेव्हाही आधीच होतात. माझ्या मते या मालिकेच्या साऱ्या इतिहासात पाळीबाबतचा यापेक्षा शहाणा नियम झालेला नाही. वेगवानांकडून त्याने काही हिसकावले नाही आणि मंदांना फुकट काही दिले नाही.

फुकट देण्याचा काळ पुढे आला. २०१०मध्ये ‘प्रँक्स्टर’ ही अ‍ॅबिलिटी आली. थेट इजा न करणाऱ्या सगळ्या चाली तिच्यामुळे इतरांच्या आधी पडू लागल्या. थंडुरस या प्राण्याने सुरुवातीलाच ‘थंडर वेव्ह’ टाकली की समोरचा लुळा पडून त्याचा वेग चौथाईवर यायचा, वर चारांत एकदा त्याची पाळीच बुडायची. २०१३मध्ये टॅलनफ्लेम या ससाण्याला ‘गेल विंग्ज’ मिळाली, आणि त्याच्या सर्व फ्लाइंग प्रकारच्या चाली आधी होऊ लागल्या. त्यांत १२० ताकदीचा ‘ब्रेव्ह बर्ड’ही आला. मुळात १२६ वेगाच्या पक्ष्याला ही सवलत कशाला हवी होती, कोण जाणे.

२०१६मध्ये कात्री चालली. गेल विंग्ज फक्त तब्येत पूर्ण असतानाच चालेल, प्रँक्स्टरची खोडी डार्क प्रकारच्या प्रतिस्पर्ध्यांवर चालणार नाही, आणि लुळेपणात वेग चौथाईऐवजी निम्म्यावर येईल. दुरुस्त्या योग्यच होत्या, पण एवढी कात्री लावावी लागते, तेव्हा कापडच मापाबाहेर फाडलेले असते.

त्याच वर्षी, फारसा गाजावाजा न होता, टॉर्कोलला ‘ड्राउट’ ही ऊन पाडणारी अ‍ॅबिलिटी मिळाली. टॉर्कोल हे कोळसा जाळणारे कासव, २००२पासून अडगळीत पडलेले, वेग अवघा २०. त्याची ‘इरप्शन’ ही चाल तब्येत शाबूत असेल तर १५० ताकदीची आणि समोरच्या दोघांनाही लागणारी. मात्र जसजसा मार बसेल तसतशी ती दुबळी होत जाते. म्हणजे मार खाण्याआधी पाळी मिळण्याची निकड खरी कासवालाच! उत्तर मिळाले लिलिगंटच्या रूपात. टॉर्कोलच्या उन्हात ‘क्लोरोफिल’मुळे लिलिगंटचा वेग दुप्पट होतो, आणि ती आपली पाळी ‘आफ्टर यू’ या चालीवर खर्च करून कासवाला लगेच पुढे करते. सशाला झोप लागण्याची वाट पाहावी लागत नाही. २०१७च्या स्पर्धांत ही जोडी गाजली. टॉर्कोलचा वेग एका अंकानेही वाढवावा लागला नव्हता, आणि जोडी मोडायची तर दोघांपैकी एकाला आडवे करणे किंवा ऊन घालवून पाऊस पाडणे प्रतिस्पर्ध्याच्या हाती होतेच.

२०२२च्या आवृत्तीत टोड्सक्रुएलला मिळालेली ‘मायसीलियम माइट’ ही अ‍ॅबिलिटी याच समजुतीची वाटते. तिच्यामुळे थेट इजा न करणाऱ्या चाली समोरच्याच्या अ‍ॅबिलिटीला जुमानत नाहीत. त्या बदल्यात त्या उशिरा पडतात. प्रँक्स्टरचीच ही उलटी बाजू, फक्त इथे किंमत आधीच ठरलेली आहे. गेम फ्रीकने पुढच्या प्रत्येक प्रायॉरिटीवर अशीच किंमत पहिल्या दिवसापासून लिहावी. ती वसूल करायला पुन्हा तीन नाहीतर सहा वर्षे लावू नयेत.