आवळा मोजायचा की कोहळा?

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरात एकदम १५० मर्सिडीज गाड्या आल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. तेव्हाच्या औरंगाबादच्या सुबत्तेचे हे माप देशभर गाजले. सुबत्ता अशी मोजता येते. पण नफ्यासाठी चालणारा उद्योग समाजाच्या किती उपयोगी पडला, हे कशाने मोजावे?

२०१३च्या कंपनी कायद्याने एक माप दिले. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावेत. २०२१ पासून, ज्यांना यापोटी सरासरी १० कोटी वा अधिक खर्चावे लागतात, त्यांच्या मोठ्या प्रकल्पांचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घेणेही आले. शाळेची खोली, गावतळ्याचा गाळ, फिरता दवाखाना ही कामे काही खोटी नव्हेत.

मात्र या मापात एक गोम आहे. नेहमीच्या धंद्यातून होणारे भले त्यात धरत नाहीत. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग करणारे छोटे कारखाने वाढले. दुष्काळी मराठवाड्यातल्या पोरांच्या हातांना काम मिळाले. दोन टक्क्यांच्या हिशेबात याला जागा नाही. तशीच ती धंद्यातून होणाऱ्या नुकसानीलाही नाही.

बँकेत छोट्या कारखानदारांची खाती सांभाळताना हे नुकसान मी पाहत असे. माल पोचलेला, बिल मंजूर. पैसे मात्र चार-चार महिने येत नसत. समजा, महिना १० लाखांचा माल देणाऱ्याला ४५ऐवजी १२० दिवसांनी पैसे मिळतात. म्हणजे त्याचे जादा २५ लाख सतत अडकलेले. १२ टक्क्यांनी त्याचे व्याज वर्षाला तीन लाख. एका कामगाराचा पगार निघावा एवढे. लहान माणूस बड्या कंपनीला बिनव्याजी पैसे वापरू देतो आणि स्वतः बँकेचे व्याज भरतो.

२००६च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी ही मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची केली, उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याजही लावले. पण ते मागणार कोण? मागितले तर पुढची ऑर्डर जाण्याची धास्ती. आवळा देऊन कोहळा काढतात तो असा. आवळ्याचे रंगीत छायाचित्र वार्षिक अहवालात झळकते. कोहळा ताळेबंदातल्या 'देणी' या सदरात निमूट पडून असतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दोन टक्क्यांच्या शेजारीच कंपनीने आणखी दोन आकडे छापावेत: लहान पुरवठादारांना सरासरी किती दिवसांत पैसे दिले, आणि किती कंत्राटी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरला. यासाठी नवे शास्त्र नको. हे आकडे खातेवहीत असतातच. आपल्याकडे लघुउद्योजकांची 'मसिआ' आहे. एकट्या कारखानदाराला मागायची भीती वाटते, ते संघटनेने सर्वांच्या वतीने मागावे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला रोज डबा घेऊन जाणारे माणूस आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. त्याचा पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला होतो, ते पुष्कळदा या आकड्यांवरच ठरते.