कच्च्या नाटकांना एक मे महिना द्या

मराठी नाटक-सिनेमात मुसलमान पात्र आलं की ते बहुतेक वेळा हिंदी बोलतं. गळ्यात ताईत, तोंडात 'अरे भाई' आणि मराठी मोडकीतोडकी. महाड-पोलादपूरच्या आपल्या घरांत असं कोण बोलतं? आजी कोकणीत रागावते, अब्बा बाजारात मराठीत भाव करतात, आपल्यातलं कोणी उर्दू शाळेत शिकलं, कोणी मराठी. हा माणूस रंगमंचावर दिसत नाही, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षं करतो. पण तो लिहिणार कोण? आपणच ना?

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या मे महिन्यात महाड आणि पोलादपूरला नव्या, अजून पूर्ण न झालेल्या नाटकांचा छोटा महोत्सव भरवूया. नेपथ्य नको, वेशभूषा नको, बक्षीसही नको. चार-पाच जणांनी हातात संहिता घेऊन खुर्च्यांवर बसायचं आणि नाटक वाचायचं. लेखकाने गप्प राहून ऐकायचं. नंतर श्रोत्यांनी सांगायचं: कुठे गुंतलो, कुठे कंटाळलो, कुठलं पात्र खोटं वाटलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पहिल्याच दिवशी बिनचूक चालणारा प्रोग्राम मी अजून पाहिलेला नाही. तो ग्राहकाकडे जाण्याआधी सहकारी वाचतात, चुका काढतात, आपण दुरुस्त करतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. नाटकाच्या बाबतीत मात्र गावाकडच्या लेखकाला थेट स्पर्धेत उतरावं लागतं. राज्य नाट्य स्पर्धेने आणि एकांकिकांच्या करंडकांनी मराठीला खूप दिलं, पण तिथे संहिता तयार होऊन जावी लागते आणि तिला गुण मिळतात. चुकण्याची जागा ती नव्हे.

अशी जागा काय करू शकते, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरफर्डला यूजीन ओनील थिएटर सेंटरमध्ये १९६५पासून उन्हाळ्यात नव्या नाटकांची परिषद भरते. तिथे ऑगस्ट विल्सनच्या संहिता आधी नाकारल्या गेल्या होत्या. १९८२ साली 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' निवडलं गेलं आणि १९८४ साली ते ब्रॉडवेवर पोचलं. विल्सनने शाळा अर्ध्यात सोडली होती, शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झालं होतं. पुढे त्याने विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशी दहा नाटकं लिहिली. त्यातली नऊ पिट्सबर्गच्या एकाच कृष्णवर्णीय वस्तीत, हिल डिस्ट्रिक्टमध्ये घडतात. एका मोहल्ल्यातून नऊ नाटकं! आपल्या मोहल्ल्यांत एकही नसेल?

महाराष्ट्रालाही ही वाट नवी नाही. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने सतीश आळेकरांच्या पुढाकाराने १९८५ ते १९९४ या काळात नाटककार घडवण्याची योजना चालवली. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी राहिली. शाळेचं सभागृह त्यांना पुरलं, आपल्याला शाळेचा वर्ग पुरेल.

आता विषयांचं पाहा. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांच्या परिषदेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली. त्याच जागेवर मनुस्मृतीचं दहन झालं. जागा देण्याच्या आदल्या रात्री त्या घरात काय बोलणं झालं असेल? बायको काय म्हणाली असेल, शेजारी काय म्हणाले असतील? त्या वर्षाला २०२७मध्ये शंभर वर्षं होतात.

अलीकडचंही आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या. २४ ऑगस्ट २०२०ला काजळपुऱ्यात तारिक गार्डन इमारत कोसळली, सोळा माणसं गेली. २२ जुलै २०२१ला महाड पुरात बुडालं, तळियेत दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. प्रत्येक वेळी कॅमेरे आले आणि काही दिवसांत परत गेले. मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, हे कोणी मांडलं? शिवाय रोजचं आहेच: आखातातून दोन वर्षांनी आलेला बाप आणि त्याला न ओळखणारं पोर, व्हिडिओ कॉलवर चालणारा संसार, पुण्यात मुसलमान म्हणून भाड्याचं घर नाकारलं गेलेला मुलगा.

घरातून हरकत येईल, हे मला माहीत आहे. 'नाटक हे आपलं काम नव्हे' असं वडीलधारे म्हणतील. त्यांना आदराने सांगावं, की 'घाशीराम कोतवाल' बसवणारे जब्बार पटेल आणि 'शोभायात्रा' लिहिणारे शफाअत खान आपल्यातलेच आहेत, आणि मराठी रंगभूमीने त्यांना मोठंच मानलं. दुसरी भीती जास्त खरी आहे. आपल्यातली खोट लिहिली तर मोहल्ला रागावेल, बाहेरचा अन्याय लिहिला तर बाहेरचे रागावतील. या भीतीने कित्येक जण लिहीतच नाहीत. माझ्या मते वाचनाचा खरा उपयोग इथेच आहे. चाळीस ओळखीच्या माणसांसमोर, चहा पिता पिता झालेलं भांडण झेपतं. त्यात श्रोते हिंदू, बौद्ध, मुसलमान असे सगळे असावेत. खोटं पात्र कोणाचंही असो, शेजारी ते लगेच ओळखतो.

मे महिनाच का? शाळा-कॉलेजला सुट्टी असते, मुंबईचे चाकरमानी आणि आखातातली माणसं गावी येतात. रमजान आता हिवाळ्याकडे सरकलाय आणि बकरी ईद सध्या मेच्या आसपास येते, म्हणजे घरं भरलेली असतात. वाचन दुपारी ठेवावं, म्हणजे मुलींना अंधार पडायच्या आत घरी जाता येईल आणि 'उशीर होतो' हे कारण उरणार नाही. तीनपैकी किमान एक संहिता मुलीची असावी, हा माझा आग्रह आहे.

ओनील सेंटरची एक पद्धत मात्र जशीच्या तशी घ्यावी. तिथे प्रत्येक नाटक दोनदा वाचलं जातं आणि मधल्या वेळात लेखक दुरुस्त्या करतो. आपण पहिलं वाचन महाडला करू, एक दिवस लिहायला देऊ आणि दुसरं वाचन पोलादपूरला. अंतर वीसेक किलोमीटर. तेवढ्यात एखादा खोटा संवाद गळून पडला तरी महोत्सव सफल झाला म्हणेन.

खर्च म्हणाल तर झेरॉक्स, चहा आणि पंखे. माणसं आपल्याकडे आहेत. तुमच्या वहीत किंवा मोबाईलमध्ये दोन पात्रांचा एखादा प्रवेश पडून असेल, तर तो आता बाहेर काढा. कोकणीत असला तरी चालेल, अर्धा असला तर उत्तमच.